भिंतीवरचे अंदाजपत्रक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



महानगरपालिकेचे अंदाजपत्रक हा शहरातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा ग्रंथ होय. कोणत्या वस्तीला पाणी किती वेळ येणार, कोणत्या शाळेचे गळके छप्पर यंदा दुरुस्त होणार, कोणत्या दवाखान्यात डॉक्टर बसणार आणि कोणत्या दवाखान्यावर नुसती पाटीच राहणार, या सर्वांचा निवाडा त्या जाडजूड पुस्तकात आधीच झालेला असतो. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते. देशातील काही लहान राज्यांची अंदाजपत्रकेसुद्धा याहून लहान असतात. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षांची अंदाजपत्रके प्रशासकांनीच तयार केली व प्रशासकांनीच मंजूर केली. ज्याने हिशेब मांडावा त्यानेच तो तपासावा, हा प्रकार किराणा दुकानात कोणी चालू देणार नाही. महानगरांत तो तीन वर्षे निर्वेधपणे चालला. त्याविरुद्ध काही पत्रके निघाली, न्यायालयात खटले रेंगाळले. रस्त्यावर मात्र फारसे कोणी आले नाही.

याचा दोष सामान्यतः नागरिकांच्या माथी मारला जातो. लोकांना आस्था नाही, लोकांना आकडे कळत नाहीत, असे म्हटले जाते. हा आरोप अन्यायाचा आहे. महिन्याच्या अखेरीस उरलेल्या शेदोनशे रुपयांत रेशन, शाळेची वही आणि सासूचे औषध यांचा मेळ घालणाऱ्या स्त्रीला अंदाजपत्रक म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. तिला अडवते ती भाषा. लेखाशीर्ष, महसुली खर्च, भांडवली खर्च, सुधारित अंदाज, अखर्चित शिल्लक, वर्गीकरण! ही परिभाषा मुळात हिशेबनिसाच्या सोयीसाठी जन्माला आली हे खरे. परंतु कालांतराने तिचे कुंपण झाले. त्या कुंपणाच्या आत कोण मोकळेपणाने वावरतो, हे पालिकेच्या कोणत्याही कार्यालयात तासभर बसले तरी कळते. ठेकेदाराला सगळी लेखाशीर्षे तोंडपाठ असतात.

हे कुंपण चित्राने, शिल्पाने, नाटकाने ओलांडता येईल काय, असा विचार अलीकडे जगभर नगरनियोजनाच्या परिषदांतून मांडला जातो. कल्पना मोहक आहे आणि म्हणूनच तिच्याकडे जरा सावधपणे पाहिले पाहिजे. भारतातील शहरांत गेल्या काही वर्षांत स्वच्छ सर्वेक्षणाच्या स्पर्धेच्या निमित्ताने मैलोगणती भिंती रंगल्या. मोर, वारली नर्तक, झाडूवाले हसरे चेहरे, थोर पुरुषांच्या तसबिरी. चित्रे काही ठिकाणी खरोखर सुंदर आहेत आणि गरजू तरुण चित्रकारांना त्यांतून चार पैसे मिळाले, याचा आनंदच मानावा. परंतु त्या भिंतीमागच्या वस्तीत कचरा उचलायला गाडी आठवड्यातून किती वेळा येते, ती गाडी कोणाच्या मालकीची आहे, तिच्यावर काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन मिळते की नाही, यांपैकी एकही गोष्ट त्या चित्रात नसते. सार्वजनिक पैशाने रंगवलेली ही भिंत सार्वजनिक पैशाबद्दलच मौन पाळते. कला नागरिकाला अंदाजपत्रकाजवळ नेऊ शकते, तशी ती त्याला अंदाजपत्रकापासून दूरही नेऊ शकते. कोणत्या परिस्थितीत ती काय करते, हे पाहायचे तर इतिहासाकडे वळावे लागेल. त्यातही विशेषेकरून एका शहराकडे, म्हणजे १९१९ ते १९३४ या काळातील व्हिएन्नाकडे.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले आणि त्याची राजधानी एका चिमुकल्या प्रजासत्ताकाच्या गळ्यात लोढण्यासारखी येऊन पडली. सुमारे अठरा लाख वस्तीच्या त्या शहरात कामगारांची घरे म्हणजे अंधारकोठड्या होत्या. एका खोलीत पाच-सात माणसे, पाण्याचा नळ बाहेरच्या सामायिक मार्गिकेत, आणि दिवसा रिकामी पडणारी खाट रात्रपाळीच्या कामगाराला भाड्याने देण्याची पद्धत. मुंबईच्या गिरणगावातील चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अधिक वर्णन नको. क्षयाला तिथे ‘व्हिएन्नाचा रोग’ म्हणत, हे एकच पुरे. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने १९१९ साली नगरपालिकेत बहुमत मिळवले, आणि १ जानेवारी १९२२ रोजी व्हिएन्ना हे स्वतंत्र प्रांत बनले. ही घटना कोरडी, घटनात्मक वाटते. परंतु पुढचे सर्व काही तिच्यावर उभे आहे. प्रांताचा दर्जा मिळाल्यामुळे शहराला स्वतःचे कर बसवण्याचा अधिकार मिळाला. भारतातील नगरपालिकांना चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नेमके हेच दिले नाही.

नगराचा वित्तविभाग ह्यूगो ब्राइटनर याच्याकडे होता. हा गृहस्थ पूर्वी एका मोठ्या बँकेचा संचालक; भांडवलदारांची तिजोरी आतून पाहिलेला माणूस. त्याने १९२३ साली घरबांधणी कर बसवला. प्रत्येक भाड्याच्या जागेवर कर होता, पण त्याची चढण अशी तीव्र ठेवली होती की सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का जागांमधून एकूण उत्पन्नाचा सुमारे ४५ टक्के भाग येई, आणि गरिबाच्या खोलीवर तो नाममात्र पडे. यांशिवाय घरातील नोकरांवर कर, मोटारींवर कर, घोड्यांच्या शर्यतींवर कर, चैनीच्या उपाहारगृहांवर कर. या पैशांतून आणि नगराच्या इतर उत्पन्नातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. घरे बांधून झाल्यावर त्यांच्या खर्चाचे ओझे भाडेकरूवर टाकले नाही. कामगाराच्या मिळकतीचा साधारण पंचविसावा हिस्सा तेवढा भाड्यात जाई.

आता कलेचा भाग. त्या प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या, बहुधा लाल अक्षरांत एक ओळ कोरलेली किंवा जडवलेली असे: ही वास्तू व्हिएन्ना नगरपालिकेने घरबांधणी कराच्या पैशातून अमुक अमुक वर्षी बांधली, अशा आशयाची. आजही त्या शहरातून फिरताना ही अक्षरे शेकडो ठिकाणी दिसतात. महाराष्ट्रातील रस्त्यांवरच्या फलकांची त्यांच्याशी तुलना करून पाहावी. ‘अमुक साहेबांच्या विशेष प्रयत्नातून, तमुक यांच्या निधीतून’ असा मजकूर, वर चार छायाचित्रे आणि खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा! पैसा कोणाचा, याचे उत्तर तिथे जाणूनबुजून खोटे दिलेले असते. करदात्याचा पैसा नगरसेवकाचा होतो, आमदाराचा होतो, आणि नागरिक उपकृत होतो. व्हिएन्नाच्या भिंतीवर एकाही नेत्याचे नाव त्या ओळीत नव्हते. तिथे कराचे नाव होते. पैसा कोठून आला हे इमारतीने स्वतः सांगावे, हा विचार राजकीय होता, आणि तो रस्त्यावरून रोज जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नजरेस पडेल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिला गेला होता. कार्ल मार्क्स हॉफ या सर्वांत प्रसिद्ध गृहसंकुलात तेराशेहून अधिक घरे आहेत. त्याच्या दर्शनी भागावर योझेफ रीडल या शिल्पकाराच्या चार मूर्ती बसवल्या आहेत: स्वातंत्र्य, लोककल्याण, प्रबोधन आणि शरीरसंवर्धन. शिल्पे म्हणून त्या असामान्य आहेत असे नव्हे. पण त्या मूर्ती आणि ती कराची ओळ एकत्र वाचली की अंदाजपत्रकाची जमेची आणि खर्चाची अशी दोन्ही पाने भिंतीवर उघडी पडतात.

ब्राइटनरने हीच रीत भाषणांतही वापरली. शाळांतील दंतचिकित्सालयांचा खर्च शहरातील चार सर्वांत बड्या मिठाईवाल्यांच्या करातून भागतो; शाळांच्या डॉक्टरांचा पगार साखर हॉटेलात जेवणाऱ्यांच्या करातून निघतो; प्रसूतिगृह चालते ते घोड्यांच्या शर्यतींच्या करावर, असे तो पटवून देई. (ज्या हॉटेलचे नाव मराठी कानाला साखरेची आठवण करून देते, त्याचा साखरेशी संबंध आहे तो फक्त तिथल्या प्रसिद्ध चॉकलेट केकपुरता.) सार्वजनिक आयव्ययशास्त्राचा एखादा कर्मठ अभ्यासक यावर नाक मुरडील. तिजोरीत गेलेल्या पैशाला रंग नसतो, अमुक कराचा रुपया तमुक खर्चाला गेला असे काटेकोरपणे म्हणता येत नाही, हा त्याचा आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. परंतु ब्राइटनरला शास्त्र कळत नव्हते असे मुळीच नाही. कर म्हणजे एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जाणारी वाट होय, ही गोष्ट केक आणि दात यांची जोडी लावून त्याने एका वाक्यात दाखवली. पन्नास पानी तक्त्याने ती कोणाला दिसली नसती. त्याच्या विरोधकांना ती फारच चांगली दिसली, आणि म्हणूनच त्यांनी त्याचा द्वेष केला. त्या द्वेषात ज्यूद्वेषाचे विषही भरपूर मिसळलेले होते.

या शहरात ऑटो नॉयराथ नावाचा एक अर्थशास्त्रज्ञ होता. त्याने प्रथम घरांसाठी झगडणाऱ्या वसाहतकऱ्यांच्या चळवळीत काम केले, आणि पुढे १९२५ साली नगरपालिकेच्या पाठबळावर ‘समाज आणि अर्थव्यवहार संग्रहालय’ काढले. संग्रहालय म्हटले की जुनी नाणी आणि भंगलेल्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. इथे यांपैकी काही नव्हते. इथे भिंतीवर तक्ते होते, आणि तक्त्यांवर माणसांची, घरांची, पाळण्यांची, शवपेट्यांची लहान लहान चित्रे. बालमृत्यू किती घटले, क्षयाने कोणत्या वस्तीत किती माणसे जातात, घरे किती बांधली, हे सर्व अशा चित्रांत. नगरभवनाच्या भव्य दालनात हे प्रदर्शन मांडले होते आणि कामगाराला कामावरून सुटल्यावर येता यावे म्हणून ते संध्याकाळी व रविवारी उघडे असे.

नॉयराथच्या पद्धतीत एक नियम असा होता की मोठी संख्या दाखवायची तर चित्र मोठे करायचे नाही, त्याच आकाराची चित्रे अधिक काढायची. नियम बाळबोध वाटतो. परंतु वर्तमानपत्रांत आजही दुप्पट उत्पन्न दाखवायला दुप्पट उंचीची पैशांची थैली काढतात. ती रुंदीलाही दुप्पट होते, म्हणजे डोळ्याला चौपट दिसते, आणि वाचक फसतो. एक चित्र म्हणजे हजार घरे असे ठरवून ओळीने चित्रे मांडली, तर शाळा न शिकलेला माणूसही ती बोटाने मोजू शकतो. मोजू शकतो म्हणजेच तपासू शकतो, आणि सुशोभित फसवणूक व लोकशिक्षण यांतला फरक इथेच पडतो. आकड्यांतून कोणती गोष्ट निवडायची आणि कशी मांडायची हे ठरवण्याचे काम मारी राइडेमाइस्टर या स्त्रीकडे होते. पुढे तिचे नॉयराथशी लग्न झाले. शास्त्रज्ञ आणि चित्रकार यांच्यामध्ये उभे राहून एकाचे दुसऱ्याला समजावणे, असे त्या कामाचे स्वरूप. चित्रे कोरण्यासाठी गेर्ड आर्न्ट्झ हा जर्मन चित्रकार आला. तो कामगार चळवळीच्या डाव्या टोकाचा. आज जगभरच्या रेल्वेस्थानकांवर आणि विमानतळांवर जी माणसाची सपाट, काळी चिन्हे दिसतात, त्यांच्या पूर्वजांत या तिघांच्या कामाची गणना होते. वंशज मात्र गरीब झाले. स्वच्छतागृह कोठे आहे एवढे ते सांगतात, ते कोणाच्या पैशाने बांधले हे सांगत नाहीत.

एवढी प्रशंसा केल्यावर या प्रयोगाची उणीवही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. समाजवादी चळवळीला आपल्या आवडत्या शहरांचे दोष झाकण्याची खोड असते. व्हिएन्नाच्या कलेने कामगाराला अंदाजपत्रक समजावून दिले. पण ते ठरवायला त्याला बसवले नाही. निर्णय पक्षाच्या आणि पालिकेच्या तज्ज्ञांनी घेतले आणि चित्रांनी ते पोहोचवले. ज्या वसाहतकऱ्यांच्या चळवळीतून नॉयराथ पुढे आला, त्यांना बागेसह लहान बैठी घरे हवी होती आणि त्यांतली कित्येक त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलीही होती. पालिकेने बहुतांश पैसा अनेक मजली संकुलांकडे वळवला. जमिनीचा तुटवडा, ट्रामचा आणि गटारांचा खर्च ही त्यामागची कारणे सबळ होती. परंतु हा वाद नगरभवनाच्या दालनात तक्त्यावर मांडून लोकांपुढे ठेवला असता तर? शहराला आपल्या बाजूने बोलणारी चित्रे हवी होती; दोन बाजू मांडणारे चित्र त्याला फारसे सुचले नाही. पुढे राष्ट्रीय सरकारने करवाटपात व्हिएन्नाचा हिस्सा कापला, १९३२ मध्ये ब्राइटनर पायउतार झाला, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये सरकारी सैन्याने कार्ल मार्क्स हॉफवर तोफा डागल्या. निवडून आलेली नगरसभा बरखास्त झाली. नॉयराथ आणि त्याचे सहकारी हॉलंडला गेले, संग्रहालय नव्या राजवटीने ताब्यात घेतले, आणि कार्ल मार्क्स हॉफचे नावसुद्धा बदलण्यात आले. तोफांपुढे चित्रे टिकत नाहीत, हे सांगण्यासाठी इतिहासाची गरज नाही. पण ज्या अंदाजपत्रकाच्या समर्थनार्थ १९२७ साली शहराने ६० टक्के मते दिली, त्याच्या रक्षणाला सात वर्षांनी एवढे थोडे लोक का निघाले? पक्षनेतृत्वाची चलबिचल, मंदीने आलेली बेकारी, रेल्वेकामगारांचा खचलेला धीर ही कारणे इतिहासकार देतात आणि ती खरीच आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालावीशी वाटते: प्रेक्षक म्हणून घडवलेला नागरिक संकटाच्या वेळी प्रेक्षकच राहण्याची शक्यता अधिक.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न अर्ध्या शतकानंतर ब्राझीलमध्ये झाला. लष्करी राजवट संपल्यावर १९८८ च्या नगरपालिका निवडणुकांत वर्कर्स पार्टीला अनेक शहरे मिळाली. त्यांपैकी पोर्तो अलेग्रे या शहरात १९८९ पासून जनसहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू झाली. शहराचे सोळा विभाग, प्रत्येक विभागाच्या खुल्या सभा, सभांतून निवडलेले प्रतिनिधी, आणि पैशाच्या वाटपासाठी एक सूत्र: जिथे गटारे, पाणी, रस्ते यांची वानवा अधिक, त्या विभागाला अधिक गुण. ही पद्धत आता सुपरिचित आहे, तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. इथे तिचा तपशील नको. सभा बोलावली की माणसे येतातच असे नाही, आणि आली तरी बोलतातच असे नाही, ही या पद्धतीपुढची अडचण होती. ती सोडवण्यासाठी काही शहरांनी नाटकाचा आधार घेतला, आणि तो आधार आयता उपलब्ध होता.

आउगुस्तो बोआल हा ब्राझीलचा नाटककार. लष्करी राजवटीने १९७१ साली त्याला पकडले, छळले आणि देशाबाहेर घालवले. त्याच्या ‘शोषितांच्या रंगभूमी’ची रीत अशी: कलावंत एक लहानसे नाटुकले करतात, त्यात कोणावर तरी अन्याय होतो आणि नाटक अन्यायापाशीच संपते. मग ते पुन्हा सुरू होते, आणि प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून रंगमंचावर चढतो, शोषिताची भूमिका स्वतः घेतो आणि वेगळे काही करून पाहतो. समोरचा मुकादम किंवा अधिकारी सहजासहजी हार मानत नाही. बोआल १९९२ साली रिओ द जानेरोच्या नगरसभेवर निवडून आला आणि १९९३ ते १९९६ या काळात त्याने हीच रीत कायदे करण्यासाठी वापरली. वस्त्यांतून, रुग्णालयांतून, अंधांच्या संस्थेतून नाटके झाली. प्रेक्षकांनी सुचवलेल्या उपायांचे त्याच्या कार्यालयातील वकिलांनी मसुदे केले. आणि त्यांतून तेरा कायदे संमत झाले. वृद्धांसाठी पालिका रुग्णालयांत विशेष वैद्यकीय व्यवस्था, साक्षीदारांना संरक्षण, अशा विषयांचे. एक मसुदा रस्त्यावरच्या टेलिफोन खोक्यांबद्दल होता. ती वरून फुगीर आणि खाली निमुळती असल्यामुळे अंधाच्या काठीला लागत नसत आणि कपाळाला लागत. हे कोणत्या तज्ज्ञाच्या अहवालात होते? अंध माणसाने ते रंगमंचावर करून दाखवले तेव्हा ते कळले.

साव पावलो शहराजवळ सांतो आंद्रे नावाचे कारखान्यांचे गाव आहे. तिथला महापौर सेल्सो दानियेल हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. १९९७ नंतर त्याच्या पालिकेत बोआलच्या रीतीने काम करणारा एक नाट्यगट सहभागी अंदाजपत्रकाच्या कामात उतरला. वस्तीतल्या सभेपूर्वी नाटक होई, आणि ज्यांना ध्वनिक्षेपकासमोर दोन शब्द बोलता येत नसत ती माणसे भूमिकेच्या आडून पाच मिनिटे भांडत. जानेवारी २००२ मध्ये सेल्सो दानियेलचे अपहरण करून खून करण्यात आला. पोर्तो अलेग्रेतही २००४ च्या निवडणुकीत सत्ताबदल झाल्यावर सहभागी अंदाजपत्रकाचे सत्त्व हळूहळू ओसरत गेले. म्हणजे ब्राझीलची कहाणीही विजयगाथा नाही. पण व्हिएन्नाने जे केले नव्हते ते तिथे झाले. प्रेक्षक उठून उभा राहिला.

केरळनेही १९९६ नंतरच्या लोकनियोजन मोहिमेत, राज्याच्या योजनाखर्चाचा पस्तीस ते चाळीस टक्के वाटा स्थानिक संस्थांना देताना, कलाजाथा गावोगाव फिरवल्या आणि लोकांना ग्रामसभांकडे आणले. शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनी साक्षरता मोहिमेत ती कला कमावलेली होती. तिथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट क्रमाची आहे: पैसा आणि अधिकार आधी जाहीर झाला, मग जाथा निघाली.

महाराष्ट्राला या बाबतीत उसनवारीची गरज नाही, असे म्हणण्याचा मोह होतो आणि तो बराचसा रास्त आहे. सत्यशोधकांच्या जलशांनी सावकाराचे व्याज आणि भटजीची दक्षिणा यांचा हिशेब गावच्या चावडीसमोर मांडला. आंबेडकरी जलशांनी तीच परंपरा अधिक धारदार केली. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. सेवादलाच्या कलापथकाने महाराष्ट्र पिंजून काढला. वगनाट्यातला सोंगाड्या राजाला भर दरबारात खर्चाचा जाब विचारतो आणि राजाला उत्तर द्यावे लागते. बोआलला जो प्रेक्षक रंगमंचावर चढवावा लागला, त्याचा प्रतिनिधी तमाशाच्या फडावर आधीपासूनच उभा आहे. मात्र या सर्व परंपरेने सावकार, जमीनदार, गिरणीमालक आणि मंत्री यांना जाब विचारला. नगरपालिकेच्या तिजोरीकडे तिचे लक्ष क्वचितच गेले. कलापथकांच्या वैभवाच्या काळात पालिकेच्या पैशाला एवढे महत्त्व नव्हते, आणि ते आले तोपर्यंत कलापथके सरकारी योजनांच्या प्रचारासाठी मानधनावर नाचू लागली होती.

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यायचा, पदपथ, दिवे, बाक, बसथांब्याचे छप्पर यांपैकी काय हवे ते लिहायचे. पालिका प्रभागनिहाय मर्यादेत त्यांतली काही कामे स्वीकारते. देशात ही पद्धत सुरू करणाऱ्या पहिल्या काही शहरांत पुण्याची गणना होते आणि ते श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु पोर्तो अलेग्रेत जी सभा होती, तिच्या जागी इथे अर्ज आहे. अर्ज एकट्याने भरायचा असतो. शेजारच्या वस्तीची निकड आपल्यापेक्षा मोठी आहे, हे अर्ज भरणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही. त्यामुळे ज्याला लिहिता येते, ज्याला तारीख ठाऊक असते, ज्याच्या सोसायटीला चिटणीस आहे, त्याचा बाक मंजूर होतो. आणि नदीकाठच्या वस्तीतले सार्वजनिक शौचालय कोणाच्या अर्जात येत नाही. एकूण अंदाजपत्रकाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य आहे, आणि मंजूर झालेल्या कामाचा पैसाही वर्षाच्या मध्यावर वर्गीकरणाच्या एका ठरावाने दुसरीकडे वळवता येतो. वर्गीकरण हा शब्द कानाला किती निरुपद्रवी लागतो! त्याचा व्यवहारातला अर्थ असा की तुमच्या गल्लीतल्या गटाराचे पैसे चौकातल्या कारंज्याला लागले.

कलेने शिरायचे असेल तर इथे शिरावे. अर्ज भरण्याची मुदत साधारणतः पावसाळ्याच्या अखेरीस येते आणि आयुक्त नव्या वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत अंदाजपत्रक मांडतात. मधला काळ गणेशोत्सवाचा आणि नवरात्राचा, म्हणजे मंडपांचा आणि देखाव्यांचा. लोकमान्यांनी सार्वजनिक केलेल्या उत्सवात अंदाजपत्रकाचा देखावा करणारी दहा मंडळे एका शहरात निघू नयेत, हे कार्यकर्त्यांच्या कल्पकतेचे दारिद्र्य म्हणावे लागेल. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाजवळची एक भिंत पुरे. तिच्यावर नॉयराथच्या रीतीने त्या भागातून जमा झालेली घरपट्टी-पाणीपट्टी आणि त्या भागात झालेला खर्च एकाच मापाच्या चित्रांनी ओळीने मांडावा. आकडे माहितीच्या अधिकाराखाली मिळवावेत, म्हणजे ते कोणी नाकारू शकणार नाही. शेजारच्या श्रीमंत भागाचे चित्रही त्याच भिंतीवर हवे. तुलनेवाचून चित्र मुके राहते. भिंतीसमोर नाटक व्हावे, नाटकात वस्तीतल्या बायांनी अभियंत्याची भूमिका करावी आणि अभियंत्याला, तो आला तर, पाण्याच्या रांगेत उभे करावे. मग तिथेच बसून सर्वांनी मिळून अर्ज भरावेत. पन्नास माणसांचे पन्नास बाक मागण्याऐवजी पन्नास माणसांचे एक शौचालय.

या कामासाठी पालिकेचा रंग, पालिकेचे मानधन आणि पालिकेची परवानगीपुरती कृपा घेऊ नये. ज्याचा हिशेब मागायचा त्याच्याच पैशाने मागितलेला हिशेब फार नम्र होतो. खाजगी घराची भिंत, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी जमवलेला रंग आणि कलामहाविद्यालयातली चार मुले एवढ्यावर भागते. मंजूर झालेल्या प्रत्येक कामापुढे भिंतीवर तीन रकाने आखावेत: मागितले किती, मंजूर किती, आणि ३१ मार्चला प्रत्यक्ष खर्च किती. तिसरा रकाना वर्षभर कोरा राहील. वर्गीकरण झाले तर त्यात पैसा कोठे गेला त्या वस्तूचे चित्र काढावे; कारंजे असेल तर कारंजे. आणि तो रकाना भरण्याच्या दिवशी क्षेत्रीय अधिकाऱ्याने भिंतीपाशी येऊन खुलासा करावा, अशी लेखी मागणी अर्जांच्या गठ्ठ्याबरोबरच, ऑक्टोबरमध्येच, पोच घेऊन दाखल करावी.